तुम्ही विचारलंत म्हणून: नोकरी सोडून जग फिरायला किती पैसे लागतात?

पंचेचाळिशीत नोकरी सोडायची आणि जग फिरायचं, तर गाठीला किती हवेत? विचारणाऱ्याला एक आकडा हवा असतो, शक्यतो कोटींत. तो सांगते, पण पगार थांबला की पैशांखेरीज आणखी काय काय थांबतं, तेही ऐकून घ्या. बेत बहुतेकदा तिथेच अडकतो.

‘वार्षिक खर्चाच्या पंचवीस पट’ हे सूत्र तुमच्या कानावर आलं असेल. विल्यम बेंगेन या अमेरिकी सल्लागाराने १९९४ मध्ये मांडलेल्या चार टक्क्यांच्या हिशेबातून ते आलं: पहिल्या वर्षी जमेच्या चार टक्के काढायचे आणि पुढे महागाईइतके वाढवत जायचे. त्याने तपासले ते अमेरिकेतले शेअर आणि रोखे, आणि कसोटी लावली तीस वर्षांची. पंचेचाळिशीत थांबणाऱ्याला चाळीस वर्षं काढायची असतात, तीही आपल्याकडच्या महागाईत. सहा टक्के महागाई धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो.

म्हणून खर्चाचे दोन भाग करा. घरखर्च एकीकडे: किराणा, सोसायटीचा मेंटेनन्स, मेडिक्लेमचा हप्ता, आईवडिलांचं औषधपाणी. दुसरीकडे फिरस्ती. घरखर्चाला पस्तीसने गुणा, फिरस्तीला पंचवीसने. मंदीच्या वर्षी युरोप रद्द करून व्हिएतनामला किंवा सरळ हिमाचलातल्या स्पितीला जाता येतं, मेडिक्लेम रद्द करता येत नाही. शिवाय सत्तरीनंतर किती फिरायचं हे गुडघेच ठरवतात. घरखर्च ७ लाख आणि फिरस्ती ५ लाख असेल, तर २ कोटी ४५ लाख अधिक १ कोटी २५ लाख, म्हणजे ३ कोटी ७० लाख. राहतं घर यात धरायचं नाही.

हा पैसा सगळा शेअर बाजारात असेल, तर पहिली पाचेक वर्षं सगळ्यात धोक्याची. जानेवारी २००८ मध्ये २१ हजार ओलांडलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८ हजारांच्या खाली गेला होता. समजा, तुमच्याकडे ३ कोटी आहेत, वर्षाला १२ लाख लागतात आणि पहिल्याच वर्षी बाजार साठ टक्के पडला. उरले १ कोटी २० लाख. कालपर्यंत चार टक्के असलेला खर्च आज दहा टक्के झाला, आणि तो भागवायला पडत्या भावात म्युच्युअल फंडांचे युनिट विकावे लागतात. पुढे बाजार सावरला तरी विकलेले युनिट परत येत नाहीत. यासाठी तीन वर्षांचा खर्च एफडी आणि लिक्विड फंडात (पैसे लगेच काढता येणाऱ्या, कमी जोखमीच्या फंडात) वेगळा ठेवा. बाजार चढलेला असेल त्या वर्षी तो डबा पुन्हा भरायचा, पडलेला असेल तेव्हा त्यातूनच खायचं.

आता पगाराच्या स्लिपकडे वळू. शेंगेनच्या, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी नोकरदाराकडून पगाराच्या स्लिपा आणि कंपनीचं रजेचं पत्र मागतात. राजीनाम्यानंतर दोन्ही नाहीत. मग आयकर विवरणपत्रं, एफडी आणि म्युच्युअल फंडांची स्टेटमेंटं, घराची कागदपत्रं आणि सोबत एक साधं पत्र जोडावं लागतं: निवृत्त आहे, खर्च अमुक उत्पन्नातून करणार आहे. त्यापेक्षा नोकरीत असतानाच दोनदा युरोप करून या. एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी नियम सैल झालेत: तीन वर्षांत दोन व्हिसे नीट वापरले असतील, तर दोन वर्षांचा बहुप्रवेश व्हिसा मिळू शकतो आणि त्यानंतर पाच वर्षांचा. तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांचीच मुभा, आणि पोचल्याचा व निघाल्याचा दिवसही त्यात मोजतात. पासपोर्टचं नूतनीकरण करताना ६० पानांचा मागा, ३६ पानं बघता बघता संपतात.

कंपनीचा आरोग्य विमाही नोकरीबरोबर जातो. स्वतःची पॉलिसी राजीनाम्याच्या तीन वर्षं आधी घ्यावी, कारण आधीपासूनच्या आजारांसाठी प्रतीक्षा तीन वर्षांपर्यंत असू शकते. प्रवास विमा वेगळा. वार्षिक पॉलिसी वर्षभराची दिसली, तरी एका सफरीला ३०, ४५ किंवा ६० दिवसांची अट असते. चार महिने सलग राहणाऱ्याला ती पुरत नाही, आणि हे दावा नाकारल्यावर कळून उपयोग नाही.

क्रेडिट कार्डही पगार चालू असतानाच घ्या, आणि परकीय चलनावर मार्कअप, म्हणजे बँकेचं जादा शुल्क, नसलेलं बघून घ्या. साध्या कार्डावर साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी, म्हणजे लाखामागे ४,१३० रुपये उगाच जातात. यंत्राने ‘रुपयांत की स्थानिक चलनात’ असं विचारलं, तर नेहमी स्थानिक चलन.

एक गैरसमज फार पसरलाय: सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की एनआरआय, म्हणजे करासाठी अनिवासी. नोकरीसाठी परदेशी जाणारा त्या वर्षी भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिला तर अनिवासी ठरतो; ही सवलत नुसतं फिरायला जाणाऱ्याला नाही. आर्थिक वर्षात ६० दिवस भारतात आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस भरले, की करासाठी तुम्ही निवासीच. यात वाईट काही नाही. इतर उत्पन्न किमान करमुक्त मर्यादेपेक्षा कमी असेल, तर त्या मर्यादेत उरलेली जागा शेअरवरच्या दीर्घकालीन (वर्षाहून जास्त ठेवून विकल्यावरच्या) नफ्यासाठी वापरता येते ती निवासी व्यक्तीलाच. शिवाय १ लाख २५ हजारांपर्यंतच्या नफ्यावर कर नाही, तेव्हा तेवढा नफा दरवर्षी मार्चआधी मोकळा करून घ्या.

आणि ओटीपी. बँकेला जोडलेलं सिम बंद पडलं, तर कोट्यधीश असून हॉटेलचं बिल भरता येत नाही. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरात नसला तर बंद होऊ शकतो. निघण्याआधी रोमिंग चालू करा, इंटरनेटसाठी तिथलं ई-सिम घ्या, आणि इथल्या नंबरच्या रिचार्जची तारीख घरातल्या कुणाला तरी कॅलेंडरवर लिहून द्या.