आमची वाटचाल: भिंतीवरून रिपेवर

पाट्या रंगवणं हा आमचा मूळ धंदा. त्यातूनच मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडच्या शाळांच्या भिंतींची कामं आली. इथली बरीच मुलं घरी कोरकू बोलतात, बाजारात हिंदी ऐकतात आणि पुस्तकात मराठी वाचतात. आम्ही तिन्ही भाषा ऑइलपेंटनं लिहून मोकळे व्हायचो. मराठी ठळक, कोरकू खाली बारीक. पावसाळ्यात भिंतीला ओल धरली की रंगाला फुगे यायचे. शिवाय कोरकू शब्द चुकला तर खोडायचा कसा?

आता भिंतीवर लिहीतच नाही. भिंतीपासून १२ मिलिमीटर सोडून सागाच्या पट्ट्या ठोकतो, त्यांवर बांबूच्या रिपा आणि रिपांत सरकती कार्डं. पहिली रीप जमिनीपासून ६० सेंटिमीटरवर, शेवटची ११० वर. पहिलीतल्या मुलाची नजर साधारण मीटरभर उंचीवर असते. चिरलेला बांबू १०० लिटर पाण्यात ३ किलो बोरॅक्स आणि २ किलो बोरिक ॲसिड कालवून त्यात आठवडाभर बुडवायचा, सावलीत वाळवायचा, वर वॉर्निशचे दोन हात. यात आळस केला की भुंगा लागतो नि रिपेखाली पिठासारखी भुकटी दिसते. एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, स्वस्त पडतो खरा, पण ओलीनं फुगतो.

एका कार्डावर एकच भाषा. 'घर' आणि 'उरा', दोन्हींचं अक्षर ५ सेंटिमीटर उंच, म्हणजे मागच्या रांगेतूनही वाचता येतं. कोरकू कार्ड आधी पेन्सिलीनं लिहून गावातल्या जाणत्यांकडून वाचून घेतो. ऱ्हस्व-दीर्घावर दोन गावांत दोन मतं निघतात; मग ज्या गावची शाळा, त्या गावचं लेखन.

सगळ्यांत जास्त कार्डं रद्दीत गेली ती 'ल' आणि 'श'पायी. संगणकावरचे पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण देतात. बालभारतीत मात्र पाकळीचा ल आणि देठाचा श. मराठी लिपीबाबतच्या २००९च्या शासन निर्णयातही तेच. नुकतं वाचू लागलेल्या मुलाला एकाच अक्षराची ही दोन वळणं म्हणजे दोन वेगळी अक्षरं वाटतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा 'मराठी' निवडली की काही फॉन्ट आपोआप वळण बदलतात, बाकीचे बदलावे लागतात. छपाईआधी 'लाल' आणि 'शाळा' हे दोन शब्द काढून बघतो. हिंदी कार्डावर हिंदी वळणच ठेवतो.

लॅमिनेशन मॅट, चकचकीत नको. खिडकीसमोर अक्षरच दिसत नाही. प्रत्येक संचात वीस कोरी कार्डं देतो, मुलांनी सांगितलेले शब्द गुरुजींनी लिहावेत म्हणून. ती दरात धरलेलीच असतात.