होमस्टे का करत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नात भेटा, बँकेत भेटा, हर्णैच्या बंदरावर मासळी घेताना भेटा, प्रश्न ठरलेला. "वहिनी, समुद्राजवळ तीन घरं, आणि महिन्याच्या भाड्याने देऊन बसलात? होमस्टे करा की!" पुण्याचे पाहुणे शनिवार-रविवारी मोजतात तेवढं माझा भाडेकरू महिन्याला देतो, हे गणित मलाही येतं. तरी कोणी ना कोणी नव्याने समजावतंच, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

त्या गणितात पावसाळा धरा. दापोलीत वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तेव्हा पाहुणे नाहीत, घर बंद. बंद घरात एक कौल सरकलं की पाणी वाशावर ठिबकत राहतं, आणि कळतं गणपतीत, वासा नखाने उकरता येतो तेव्हा. आत माणूस असेल तर त्याच रात्री बोंब मारतो. मी भाडेकरू ठेवते ते त्या बोंबेसाठीही.

कौलं काढून स्लॅब घाला म्हणणाऱ्यांनी आधी किनाऱ्यावरचे जुने स्लॅब खालून बघावेत. खाऱ्या हवेने सळी गंजून फुगते आणि पोपडे पडायला लागतात. कौलांना दरवर्षी शाकारणी लागते, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवावी लागतात, लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लागतं, लोखंडी बिजागऱ्या टिकत नाहीत. मान्य. आयकरात मात्र घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यातून सरसकट 30 टक्के वजावट, तुमचा दुरुस्तीचा खर्च कितीही होवो. भाडं म्हणजे बसून खाणं, असं माझ्यासमोर म्हणू नका.

आता सिस्टरबाईंचं. हा विषय गावात कुजबुजीने निघतो, तो मीच काढते.

3 जून 2020. निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं आणि आमच्याकडे माडपोफळी आडव्या झाल्या. मधल्या घरात सरकारी दवाखान्यातल्या सिस्टर राहायच्या, दोन मुलं आणि सासूबाई. नवरा लॉकडाऊनमुळे मुंबईत अडकलेला. फोन बंद, रस्त्यावर झाडं. दुसऱ्या दिवशी सकाळी वाकत-ओलांडत पोचले, तर छपराचा समुद्राकडचा पाखा, म्हणजे उतरती बाजू, उघडा, कौलांखालच्या नुसत्या रिपा. आणि या बाई अंगणात, पदर खोचून, शाबूत कौलं वेचून पडवीत रचत होत्या. फुटकी वेगळी, आढ्यावरचे कोने वेगळे. मला बघून म्हणाल्या, "काकू, पाऊस यायच्या आत उचलली. आता कुठे मिळणार हो नवीन?" रात्रभर चौघं माजघरात बसून होती, हे मला सासूबाईंनी सांगितलं.

खरंच मिळेनात. सगळ्या तालुक्याला कौलं हवी होती, पत्रे हवे होते, सुतार हवे होते. ताडपत्री बांधली, ती झडीत फाटली, पुन्हा बांधली. मी सिस्टरना म्हटलं, जागा सोडायची असेल तर अनामत लगेच परत देते. त्या म्हणाल्या, "दवाखान्यातल्या बाईला आत्ता कोण घर देतंय?" ते खरं होतं. कोरोनाच्या भीतीने लोक त्यांच्या हातचं पाणी घेत नव्हते.

महिनाअखेर त्यांनी निम्मं भाडं आणून दिलं. मी घेतलं.

यावरून माझा भाऊ माझ्याशी भांडला. डोक्यावर ताडपत्री आणि तू भाडं घेतेस? घेतलं. तिन्ही घरांची छपरं उघडी, सुतार रोख मागत होते, आणि वेचलेली कौलं बसवायला त्या पैशातलेच पैसे गेले. निम्मं हा आकडाही त्यांचाच, मी मागितलं नव्हतं. भाऊ म्हणतो, नको म्हणायला तुझं तोंड कोणी धरलं होतं? याला मी अजून नीट उत्तर दिलेलं नाही. कधी वाटतं, नको म्हटलं असतं तर त्या उपकाराखाली राहिल्या असत्या, आणि त्यांना ते चाललं नसतं. कधी वाटतं, हे मी सोयीने रचलेलं आहे.

त्याआधी मी भाडेकरूंबद्दल फार रुबाबात बोलायचे. 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन, रीतसर नोंदणी, अनामत, बाकी संबंध नाही. करार मी आजही नोंदवते, कायद्याने ती जबाबदारी मालकाचीच आहे. पण कौलं कोणी वेचायची हे त्यात कुठल्याच कलमात नाही. पाहुण्यांनी वेचली असती का? नसती, असं मी ठासून सांगते. लगेच हेही आठवतं की नंतरच्या एका भाडेकरूने गळतीखाली बादली ठेवली आणि मला सांगितलं थेट दिवाळीला.

बरं, भावाने त्याच्या वाट्याच्या घराचा होमस्टे केलाय. उत्तम चालतो. मे महिन्यात त्याला जे मिळतं त्यात माझं वर्ष निघेल, हे कबूल. जूनमध्ये तो किल्ली माझ्याकडे ठेवून पुण्याला जातो. उघडीप मिळाली की खिडक्या उघडायच्या, गाद्यांना हवा द्यायची, कौलं बघायची, ही कामं माझी. त्याचे पैसे मी अजून मागितलेले नाहीत. मागावेत, असं दर ऑगस्टमध्ये वाटतं.