तबकडी हवा ओढते, पण किती?

आमच्या लॅबमध्ये शेवटच्या वर्षाच्या पोरांनी ३० सेंमी व्यासाची ॲल्युमिनियमची गुळगुळीत तबकडी मोटारीवर उभी बसवली. १५०० आरपीएमला, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरवली आणि समोर पंख्याचा ॲनिमोमीटर, म्हणजे वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, धरला. आकडा शून्य.

"सर, ही हवा ओढतच नाही. कडेला हात धरून बघा, नुसती बाहेर फेकते!"

कडेला वारा लागणारच. तिथे तबकडीचा वेग ताशी ८५ किमी. तिला लगटून असलेला दीड-दोन मिलिमीटरचा हवेचा थर फिरता फिरता बाहेर भिरकावला जातो. त्याची जागा घ्यायला समोरून हवा येतेच, पण किती हळू! हवेच्या प्रवाहांचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ फॉन कारमान यांचं फिरत्या तबकडीचं १९२१ सालचं गणित फळ्यावर सोडवलं: सेकंदाला जेमतेम ४.३ सेंमी. एवढ्याशा वाऱ्यावर ॲनिमोमीटरचा पंखा ढिम्म हलत नाही. तापलेली तार वाऱ्याने किती निवते त्यावरून वेग सांगणारा हॉट वायरचा प्रोब लावला, तर तापलेल्या तारेवरून वर चढणारी हवाच तो मोजू लागला. मोटार बंद केली तरी आकडा जाईना.

मग उदबत्ती काढली. तिचा धूर गरम, तो सरळ छताकडे. लॅबचे मामा म्हणाले, "अहो, आधी थंड करा त्याला." मोठ्या सिरिंजमध्ये धूर भरला, निवू दिला आणि नळीतून अलगद सोडला. पंखे बंद, खिडक्या बंद, घामाच्या धारा. मागे फूटपट्टी, समोर मोबाईलचा स्लो मोशन.

धुराची रेघ सुतासारखी तबकडीकडे सरकली आणि अगदी टेकता टेकता एका झटक्यात गोल फाकून नाहीशी झाली. शेवटच्या ४ सेंमीला सेकंदाहून जरा जास्त. मग नळी मध्यापासून १० सेंमी बाजूला नेली. तिथे तबकडी कितीतरी जोरात पळते, पण धूर आला त्याच चालीने. सूत्रात त्रिज्या नाहीच, हे मी वर्षानुवर्षं शिकवतोय. पोरांनी मात्र ते त्या दिवशी मान्य केलं. आरपीएम ३७५ वर आणला, म्हणजे चौथा हिस्सा. धुराला वेळ लागला साधारण दुप्पट. हवेचा वेग आरपीएमच्या वर्गमुळाच्या हिशेबाने बदलतो, तसाच.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी आलेखावर बोट ठेवलं, "हे दोन बिंदू असे भरकटलेत का?"

"सर, तेव्हा मामा चहा घेऊन आले होते. दार उघडलं."

परीक्षकांनी तेवढं मान्य केलं.