एन्सेलाडस: आधी दुरुस्ती, मग बातमी

मागच्या नोंदीत शनीच्या पूर्वेला त्याचा चंद्र एन्सेलाडस दिसला असं लिहिलं होतं. तो टेथिस होता, शनीचाच आणखी एक चंद्र. दोन रात्रींनी ठिपका पुन्हा पूर्वेलाच दिसला तेव्हा शंका आली. एन्सेलाडसची फेरी 32 तास 53 मिनिटांची, म्हणजे 48 तासांत जवळपास दीड फेरी. त्यानं बाजू बदलायलाच हवी. टेथिसला सव्वापंचेचाळीस तास लागतात, तो दोन दिवसांनी जवळजवळ तिथंच सापडतो. माझ्या चित्रावरून कुणी शोधत बसलं असेल तर माफ करा.

आता बातमी. शुक्रवारी पूर्वेला, काल रविवारी पश्चिमेला. एन्सेलाडसच! दोन्ही वेळा आधी चित्र काढलं, मग पडताळायला स्टेलेरियम हे आकाश दाखवणारं सॉफ्टवेअर उघडलं.

शनीचा झगमगाट झाकायला दुर्बिणीच्या आयपीसमध्ये (डोळ्याकडच्या भिंगात) फॉइलची पट्टी लावली होती, ती काढून टाकली. ती चुरगळते आणि 240 पटीत तिची कड दातेरी दिसते. त्याऐवजी मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून 23 गेजची तांब्याची तार आणली, 0.61 मिमी. दोन पकडींत धरून ताणली की सुईसारखी सरळ होते. काळ्या मार्करनं रंगवून 10 मिमी प्लॉसल आयपीसच्या फील्ड स्टॉपवर (आतल्या गोल कडेवर) नेलपॉलिशच्या दोन थेंबांनी चिकटवली. माझ्या 8 इंची एफ/6 दुर्बिणीला 2एक्स बार्लो (प्रतिमा दुप्पट मोठी करणारं भिंग) लावला की ही तार मध्यापासून दोन्हीकडे 26 विकला (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) झाकते. कडी सध्या कडेवरून, रेघेसारखी दिसतात आणि 21 विकलांवर संपतात, एन्सेलाडस 36 पर्यंत जातो. हातात राहतात 10 विकला. (बार्लो ऑनलाइन घेतला तो ढिला निघाला, आत टेप गुंडाळावी लागली. बार्लो दुकानात हातात धरूनच घ्या.)

एवढं करूनही तीन आठवडे काहीच नाही. गच्चीचा स्लॅब रात्री उशिरापर्यंत गरम असतो म्हणून साताऱ्याजवळच्या यवतेश्वरला जायला लागलो, तरी नाही. अडचण स्पायडरची होती, म्हणजे नळीच्या तोंडाशी छोटा आरसा धरणाऱ्या पात्यांची. पट्टी शनीचा उजेड अडवते, पण स्पाइक (पात्यांमुळे दिसणाऱ्या उजेडाच्या रेघा) तयार होतात नळीच्या तोंडाशी, ते पट्टीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर येतातच. माझी पाती उभी-आडवी आहेत. सव्वासातला शनी दक्षिणेला 68 अंशांवर, सगळ्यात उंच, आणि नेमकी तेव्हाच कड्यांची रेघ क्षितिजाला जवळजवळ समांतर. म्हणजे आडवा स्पाइक बरोबर त्या रेघेवर, जिथं 11.8 प्रतीचा, म्हणजे अगदी मंद, ठिपका शोधायचा तिथंच. मी रोज सर्वोत्तम वेळ म्हणून शनी सगळ्यात उंच असतानाचाच पाऊण तास बघायचो आणि आवरायचो.

नळी 45 अंशांत फिरवता येईल असा नवा क्रेडल (नळी धरणारी चौकट) करायचं ठरवलं, सुताराशी बोलणंही झालं. शुक्रवारी गाडीला उशीर झाला म्हणून सव्वाआठपर्यंत थांबलो. माझ्या डॉब्सोनियन दुर्बिणीत (ती फक्त वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरते) स्पाइक जागचे हलत नाहीत, पण शनी पश्चिमेला कलतो तशी कड्यांची रेघ वळते. तासाभरात तीसेक अंश वळली होती. आयपीस फिरवून तार पुन्हा कड्यांना आडवी केली, आणि स्पाइकच्या वर, काळ्या जागेत, टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका. नजर थोडी बाजूला नेली की पक्का, सरळ पाहिलं की नाहीसा. पंधरा मिनिटं तिथंच उभा होतो.

साताऱ्याहून सरळ रेषेत हैदराबाद जितकं लांब, साधारण तेवढा त्याचा व्यास, 504 किमी. दिसतो तो बर्फामुळे. दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून उडणारं पाणी 2005 मध्ये कॅसिनी यानानं पाहिलं. त्यातला काही बर्फ परत अंगावर पडतो आणि पृष्ठभाग कायम ताजा पांढरा राहतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलला तो 28 ऑगस्ट 1789 ला सापडला तेव्हाही कडी अशीच मिटलेली होती.

पुढं क्रेडल, असं लिहिणार होतो. पण जानेवारीत अंधार पडेपर्यंत शनी कललेलाच असेल, मग या हंगामात त्याची गरजच नाही. सुताराला नाही म्हणून कळवतो. त्यापेक्षा हॅक्सॉच्या ब्लेडची वक्र पाती करून बघावीत, स्पाइकच राहणार नाहीत. ब्लेड घरात पडलेलं आहे, रविवारी वाकवून बघतो.

11 दिवसांत एन्सेलाडसच्या जवळपास बरोबर आठ फेऱ्या होतात. म्हणजे पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारी, सव्वाआठला, तो पुन्हा पश्चिमेला असेल. 6 इंचीवाल्यांनी पट्टी लावून बघा आणि दिसला-नाही दिसला, दोन्ही कळवा.