'भोंगा' शोधला तर आमचा 'भोंगा' यायला पाहिजे

मागच्या उन्हाळ्यात सोलापुरात कन्ना चौकाच्या मागच्या एका बोळात एका अम्मांचं बोलणं रेकॉर्ड केलं. वय ऐंशीच्या पुढं, नवरा गिरणीत तिसऱ्या पाळीला, ह्या घरी बसून विड्या वळायच्या आणि सकाळचा भोंगा झाला की चहाचं आधण ठेवायच्या. शेजारी पॉवरलूमची खटखट चालू, मध्येच अम्मा तेलुगूत शिरायच्या, मग सून ते मराठीत सांगायची, मी मोबाईलला कॉलर माइक लावून दोन तास तसाच ऐकत बसलो. त्यातून आमच्या 'भोंगा' ह्या पॉडकास्टचा, म्हणजे मोबाईलवर ऐकायच्या कार्यक्रमाचा, चाळीस मिनिटांचा एपिसोड झाला. टाकला त्या संध्याकाळी अम्मांच्या नातवाला फोन करून सांगितलं, भोंगा म्हणून शोध, येईल. नाही आला. २०२२ साली आपल्याकडे भोंग्यावरून जे राजकारण तापलं होतं त्याच्या चर्चा आल्या, भाषणं आली, दुसरंच काय काय आलं, आमचं काही नाही. पलीकडून अम्मांचा आवाज आला, "मग मी बोलले ते गेलं कुठं?"

हा प्रश्न डोक्यातून जाईना. कारण माझ्या हिशेबाने सगळं झालेलं होतं, पॉडकास्ट ॲपच्या यादीत आला होता, तसा मेल पण आला होता. पण यादीत नाव असणं आणि माणसाला ते सापडणं ह्यात एवढं अंतर असतं हे मला तेव्हा कळलं, आणि पुढचे दोन महिने मी त्याच्याच मागे होतो. सोलापुरात अजून दोघं-तिघं पॉडकास्ट काढायच्या विचारात आहेत, ते मला विचारतात, म्हणून इथंच सगळं लिहून ठेवतोय.

आधी मुळातली गोष्ट. माझी समजूत अशी होती की आपण ऑडिओ ऐकायच्या ॲपवर चढवतो. तसं नसतं. ऑडिओ राहतो आपल्या होस्टिंगवर, म्हणजे फाइली ठेवायच्या इंटरनेटवरच्या जागेवर, होस्टिंग एक फीड बनवतं, म्हणजे साधी मजकुराची फाइल, त्यात पॉडकास्टचं नाव, माहिती, भाषा, कव्हरचा पत्ता आणि एकेका एपिसोडची नोंद असते. डिरेक्टरीला, म्हणजे पॉडकास्टची यादी ठेवणाऱ्याला, आपण फक्त त्या फीडचा पत्ता देतो. मग ती अधूनमधून येऊन फीड वाचून जाते. म्हणजे फीडमध्ये जे चुकीचं लिहिलंय ते सगळीकडे चुकीचंच दिसणार, आणि एकदा फीडमध्ये सुधारलं की सगळीकडे सुधारतं, थोडा वेळ लागतो इतकंच. हे समजल्यावर मी ॲपं धुंडाळायचं सोडलं आणि आपली फीड उघडून ओळ न ओळ वाचली.

पहिल्यांदा ती बाहेर पाठवली होती तेव्हा कव्हरवर अडलो होतो. कव्हर मी नवी पेठेतल्या फ्लेक्सवाल्या मित्राकडून करून घेतलं होतं, गिरणीची चिमणी, मागे लाल आकाश, फार सुंदर केलं होतं त्यानं. पण तो छपाईवाला माणूस, त्यानं छपाईच्या रंगात म्हणजे सीएमवायकेत फाइल दिली आणि आकार आडवा बॅनरसारखा. ॲपलला चित्र चौकोनीच लागतं, कमीत कमी १४०० बाय १४०० पिक्सेल, जास्तीत जास्त ३००० बाय ३०००, जेपीजी नाहीतर पीएनजी, आणि रंग आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या रंगात. परत गेलो, दोघांनी बसून केलं. ह्या वेळी मी त्याला कव्हर मोबाईलवर बारीक करून दाखवलं, अंगठ्याच्या नखाएवढं, कारण ऐकणाऱ्याला ते तेवढंच दिसतं. "भोंगा" हा एकच शब्द जाड ठेवला, बाकी सगळी बारीक अक्षरं काढून टाकली. मित्राला वाईट वाटलं पण त्याला पटलं.

दुसरा अडथळा मेलचा. बऱ्याच डिरेक्टऱ्या पॉडकास्ट तुमचाच आहे हे तपासायला फीडमध्ये जो मेल आहे त्यावर कोड पाठवतात. माझ्या फीडमध्ये मेलच नव्हता, होस्टिंगनं तो लपवून ठेवला होता. मेल उघडा राहिला की फालतू मेलांचा पाऊस पडतो म्हणून लपवतात, त्यांचंही बरोबर आहे. सेटिंगमध्ये जाऊन तेवढ्यापुरता दाखवायचा, कोड घ्यायचा, परत लपवायचा. ह्यात माझे आठ दिवस गेले कारण हे कोणी सांगतच नाही.

आणि एक, कमीत कमी एक एपिसोड बाहेर आल्याशिवाय पाठवू नका, रिकामी फीड ॲपल घेत नाही. दोन मिनिटांचा ट्रेलर असला तरी चालतो.

कुठं कुठं पाठवायचं, तर ॲपल आधी. आमच्या घरात एकाकडेही आयफोन नाही, तरी ॲपलच आधी. त्यांनी २००५ साली आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले तेव्हापासूनची ती यादी आहे आणि दुसरी कितीतरी ॲप्स तिच्यावरूनच शोध घेतात. पॉडकास्ट्स कनेक्ट म्हणून त्यांचं पान आहे, ते कॉम्प्युटरवर उघडतं, फक्त ॲपलचं खातं काढावं लागतं. मग स्पॉटिफाय, कारण कॉलेजची पोरं तिथं असतात. मग यूट्यूब, २०२४ मध्ये गूगल पॉडकास्ट्स बंद झाल्यापासून तर ते हवंच, तिथं फीड जोडली की कव्हरचं स्थिर चित्र लावून एपिसोड आपोआप चढतो. आणि पॉडकास्ट इंडेक्स, ही खुली यादी आहे, ॲडम करी आणि डेव्ह जोन्स ह्या दोघांनी २०२० मध्ये सुरू केलेली, फुकट आहे आणि लहान लहान ॲप्स तिच्यातून घेतात. चार ठिकाणं झाली की बाकी हळूहळू होतं.

आता खरी अडचण, शोध. इथं मी सगळ्यात जास्त वेळ घालवला आणि माझ्या मते मराठीवाल्यांनी सगळ्यात जास्त लक्ष इथंच द्यायला पाहिजे.

एक तर भाषा. होस्टिंगवर खातं काढताना भाषा आपसूक इंग्रजी पडली होती, मी बघितलंच नव्हतं. वर्षभर माझा पॉडकास्ट जगाला सांगत होता की मी इंग्रजी आहे. मराठी केली. वर्ग "सोसायटी अँड कल्चर" होता तो काढून "हिस्टरी" केला, गिरण्यांचा इतिहासच तर सांगतोय आपण. सोलापुरात १८७७ साली पहिली कापडगिरणी चालू झाली, त्या भोंग्यावर अख्खं गाव उठायचं, घरात घड्याळ नसलं तरी चालायचं, हे सांगणारी माणसं आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत.

मग नाव. नुसतं "भोंगा" कितीही आवडत असलं तरी त्या एका शब्दावर गर्दी फार. "भोंगा: सोलापूरच्या गिरण्यांच्या गोष्टी" असं केलं. शोध घेणारं ॲप सगळ्यात आधी नाव बघतं, पॉडकास्टचं, एपिसोडचं, करणाऱ्याचं. खालच्या माहितीत मी अर्धं पान लिहिलं होतं, ते माणसानं वाचायला चांगलं, पण शोधात त्यानं काही फरक पडलेला मला तरी दिसला नाही. कोणी म्हणेल मग नावातच सगळे शब्द कोंबू, तर ते करू नका, नावात नुसती शब्दांची रांग लावली तर ॲपल पॉडकास्ट नाकारू शकतं.

आणि लोक मराठी शोधतात ते इंग्रजी अक्षरात. माझी बहीणसुद्धा, मराठीची शिक्षिका असून, फोनमध्ये इंग्रजी अक्षरातच टाइप करते. त्यामुळे करणाऱ्याच्या नावाच्या रकान्यात माझं नाव दोन्ही लिपीत घातलं आणि एपिसोडच्या नावात गावाचं नाव एकदा इंग्रजी अक्षरात.

सगळ्यात जास्त दिवस ज्यानं खाल्ले ते मात्र अगदी बारीक निघालं. अम्मांच्या एपिसोडचं नाव "तिसऱ्या पाळीचा डबा". माझ्या कॉम्प्युटरवरून शोधलं की एका ॲपात यायचा, नातवाच्या फोनवरून तेच शब्द टाकले की नाही. दोघांनी शेजारी शेजारी बसून केलं, अक्षर न अक्षर सारखं, तरी नाही. मग कळलं की "तिसऱ्या" मधला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या ठरलेल्या खुणांनी ओळखतो त्यात, दोन पद्धतीनं लिहिता येतो. एक, खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेला ऱ घेऊन, दुसरी, साध्या र ला हलन्त देऊन म्हणजे पाय मोडून मध्ये एक न दिसणारं अक्षर घालून. डोळ्याला दोन्ही एकच, मशीनला दोन वेगळे शब्द. माझा कीबोर्ड एक करायचा, त्याचा दुसरा. तसंच "लॉ" चं. १९३० च्या मार्शल लॉवर आमचा एपिसोड आहे, एका काकांनी वडिलांकडून ऐकलेलं सांगितलंय, तर त्यातला "लॉ" कोणी ल वर ऑ ची मात्रा देऊन लिहितं आणि कोणी आधी ला लिहून वर चंद्र देतं. गाव तेच, घटना तीच, शब्द दोन. ॲप बनवणाऱ्यांनी हे आतून सारखं करून घ्यायला पाहिजे, काही घेतात, काही नाही घेत. तोपर्यंत मी अवघड शब्द नावात पहिला ठेवत नाही. "तिसऱ्या पाळीचा डबा" चं "गिरणीतली रात्रपाळी आणि डबा" केलं. अम्मांना विचारून केलं, त्यांचं बोलणं आहे ते.

नाव बदलताना एक सांभाळा. प्रत्येक एपिसोडला फीडमध्ये स्वतःचा एक ओळख क्रमांक असतो, तो बदलायचा नाही. नाव बदला, माहिती बदला, पण एपिसोड काढून नव्यानं चढवलात तर ॲप त्याला नवाच समजतं आणि ऐकणाऱ्यांकडे तोच एपिसोड दोनदा येतो. होस्टिंग बदललंत तरी हेच, जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे कायमचं वळण ठेवायचं, नाहीतर जोडलेली माणसं मागेच राहतात.

ओळखीच्यांना आता "शोधा" असं सांगतच नाही, लिंक देतो. कन्ना चौकातल्या चहाच्या टपरीवर क्यूआर लावलाय, टपरीवाले मामा स्वतःच गिऱ्हाइकाला स्कॅन करून देतात. त्यांचे वडील गिरणीत सांचे खात्यात, म्हणजे मागांवर होते.

पण शोधून येणारा माणूस वेगळा, त्याला आपण माहीतच नसतो. दिवाळीच्या आधी भिवंडीहून अम्मांच्या पुतणीचा त्यांना फोन आला. तिला कोणी लिंक दिली नव्हती. रात्री लूमवर बसून तिनं इंग्रजी अक्षरात सोलापूर आणि गिरणी एवढंच टाकलं होतं, आणि अर्धा एपिसोड ऐकल्यावर तिच्या लक्षात आलं की हा आपल्या चिन्नम्मांचा, म्हणजे काकूंचा आवाज.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातवाचा मला फोन. अम्मा म्हणतात पगाराच्या दिवसाचं सांगायचं राहिलं, जॉबरला, म्हणजे कामावर घेणाऱ्या मुकादमाला, काय द्यावं लागायचं ते पण राहिलं, माइक घेऊन या. रविवारी जातोय.