जुनं डिझेल मोटरहोम शोधताना: तीन शनिवार आणि ओल मोजायचं मीटर

फेब्रुवारीत लागोपाठ तीन शनिवार आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगहून जुनी डिझेल मोटरहोम, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, बघायला बाहेर पडलो. हाताशी १६,००० पौंड, त्यातले दीड हजार पहिल्या दुरुस्तीसाठी बाजूला काढलेले. सोबत बायको, आठ वर्षांची मुलगी आणि चिपळूणहून तीन महिन्यांसाठी आलेले बाबा. बाबांची सगळी नोकरी एसटीच्या आगारात मेकॅनिक म्हणून गेली. इंजिन ते बघतील, बाकीचं मी बघेन, असं मी मनात धरलं होतं. पहिल्या गाडीपाशी पोचलो तर ते बॉनेटकडे गेलेच नाहीत. आत चढले, पलंगावरची गादी उचलली आणि कोपऱ्यात नाक नेऊन वास घेतला.

२०२१च्या जुलैत वाशिष्ठीचं पाणी आमच्या घरात शिरलं होतं. लाकडाने पाणी प्यायलं की पुढे त्याचं काय होतं ते बाबांनी त्यानंतर दोन वर्षं बघितलं आहे. या खरेदीत सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

ती पहिली गाडी वेस्टन-सुपर-मेअरला होती, समुद्रापासून दोन गल्ल्या आत. ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली, आतून नवीन पडदे, नवीन उशा आणि सुगंधी फवाऱ्याचा दाट वास. हा वास आला तर सावध व्हा. बाबांनी पलंगाच्या पुढच्या कोपऱ्यात अंगठा दाबला तर प्लाय आत गेला. मी वीस-पंचवीस पौंडांचं ओल मोजायचं मीटर नेलं होतं, दोन टोचण्या असलेलं. तिथे आकडा आला २८. साधारण हिशेब असा: १५ टक्क्यांच्या आत निर्धास्त, १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, २०च्या वर पाणी कुठून येतंय ते शोधा, आणि ३०च्या आसपास लाकूड कुजायला लागलेलं असतं. गाडीची भिंत म्हणजे बाहेर ॲल्युमिनियम किंवा फायबरचा पत्रा, मध्ये थर्माकोलसारखा थर आणि लाकडाच्या पट्ट्या, आत प्लाय. सांध्यांमधलं सीलंट, म्हणजे फटी बुजवणारं लुकण, वर्षांनी सुकतं, फटी पडतात आणि पाणी हळूहळू आत झिरपतं. बाहेरून काही दिसत नाही. बाबा म्हणाले, "आपल्या कौलांसारखंच आहे रे. पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे." म्हणून डागाच्या जागीच थांबू नका. छतावरच्या खिडक्यांच्या कडा, बाजूच्या खिडक्यांचे खालचे कोपरे, ऑनिंगची (बाहेर उघडायच्या कापडी छपराची) पट्टी जिथे भिंतीला ठोकलेली असते ती ओळ, कपाटांचा मागचा भाग आणि मागच्या दिव्यांच्या आतली बाजू, सगळीकडे मीटर लावा. विकणारे आजोबा भले गृहस्थ होते. त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं, आकडा बघून त्यांचा चेहरा पडला. चहा पाजला त्यांनी आम्हाला.

मागे जाऊन सांगतो, घरातून निघायच्या आधी काय चाळायचं ते, कारण त्याने आमच्या यादीतल्या निम्म्याहून जास्त गाड्या गळल्या. पहिलं लायसन्स. भारतीय लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून एक वर्षच चालवता येतं. ते बदलून मिळत नाही, इथली परीक्षा द्यावीच लागते. आणि १ जानेवारी १९९७ नंतर कारची परीक्षा पास झालेल्यांना ३,५०० किलोपर्यंतचीच डिझेल गाडी चालवता येते. आपण बहुतेक सगळे त्यातच बसतो. तेव्हा मोठ्या, सुंदर, चार टनी गाड्यांचे फोटो बघण्यात वेळ घालवू नका. वजनाची मर्यादा पाळणाऱ्या गाडीतही सामानासाठी किती किलो उरतात ते विचारा. १०० लिटर पाणी म्हणजे १०० किलो, त्यावर माणसं, सिलिंडर, सायकली, पातेली. जुन्या गाड्यांमध्ये हा हिशेब पटकन संपतो. शंका असेल तर वजनकाट्यावर नेऊन तोलून घ्या.

दुसरं, सीटबेल्ट. सहाजण झोपू शकतील अशा जुन्या गाडीत मागे एकही बेल्ट नसतो, असं वारंवार दिसतं. मूल असेल तर पुढे तोंड करून बसायच्या जागा आणि त्यांचे बेल्ट फोटोत मागून घ्या.

तिसरं, एमओटीचा, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याच्या सक्तीच्या वार्षिक तपासणीचा इतिहास. सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की २००५पासूनच्या तपासण्या, दर वेळचे मैल आणि शेरे फुकट दिसतात. आम्ही 'गंज' हा शब्द तीन वर्षं ओळीने आलेल्या गाड्या सोडून दिल्या. मात्र एमओटीत राहण्याच्या भागाची ओल तपासत नाहीत, हे विसरू नका.

आणि लंडनला जाणं-येणं असेल तर धुराचा नियम. २९ ऑगस्ट २०२३पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (विभागांमध्ये) युरो ६ या धुराच्या मानकात न बसणाऱ्या डिझेल गाडीला दिवसाला १२.५० पौंड पडतात. दिवस मध्यरात्री बदलतो. गणपतीत डॉलिस हिलला महाराष्ट्र मंडळात गेलात आणि बारानंतर निघालात तर दोन दिवसांचे द्यावे लागतील. आमच्या बजेटमध्ये युरो ६ बसतच नव्हती. वर्षातून तीन-चार फेऱ्यांसाठी ते पैसे आम्ही मान्य केले. रोजचं लंडन असेल तर हा सौदा करू नका.

दुसऱ्या शनिवारी नॉर्दॅम्प्टनजवळच्या एका विक्रेत्याकडे गेलो. गाडी चकचकीत, फक्त १८,००० मैल चाललेली. मी भाळलो होतो. बाबांनी बॉनेटवर तळहात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. गरम. आदल्या दिवशी फोनवर मी स्पष्ट सांगितलं होतं की इंजिन आमच्यासमोर चालू करा. थंड डिझेल इंजिनच खरं बोलतं: किती फिरवावं लागतं, धूर कसा येतो. थंडीत क्षणभर पांढरा धूर चालतो, पण तो टिकला तर विचारा का. निळा म्हणजे ऑइल जळतंय. जोर दिल्यावर काळा भपकारा येत असेल तर हवा किंवा इंजेक्टर बघायला हवेत. आधीच तापवलेल्या इंजिनात यातलं बरंचसं लपतं.

मग बाबा टायरपाशी बसले. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, ४१११ म्हणजे २०११चा एक्केचाळिसावा आठवडा. नक्षी नवीकोरी, रबराला मात्र बारीक भेगा. कमी मैल म्हणजे गाडी उभी होती, आणि उभ्या गाडीचे ब्रेक आवळतात, रबर कडक होतं, इंजिनातला टायमिंग बेल्ट (आतले भाग ताळमेळात फिरवणारा पट्टा) तसाच जुना होतो. बेल्ट कधी बदलला याची पावती त्यांच्याकडे नव्हती. फियाटच्या २.३ लिटर इंजिनात बेल्ट असतो, साधारण पाच वर्षांनी बदलायचा, मैल कितीही झालेले असोत. ३.० इंजिनात साखळी असते. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह वाकतात आणि इंजिनच हातचं जातं. तीन महिन्यांची वॉरंटी आहे म्हणाले, पण कागद वाचला तर ओल त्यातून वगळलेली. आम्ही निघालो.

तिसरी गाडी हेरफर्डच्या बाहेर, एका शेतावरच्या शेडमध्ये. २००५ची फियाट ड्युकाटो, २.३ डिझेल, सहा मीटर, ५२,००० मैल, कमाल वजन ३,४०० किलो, मागे दोन बेल्ट. सत्तरीतलं जोडपं, आणि टेबलावर पावत्यांची जाड फाइल. फेब्रुवारीत पाण्याची यंत्रणा गोठू नये म्हणून रिकामी केलेली असते, तेव्हा पंप आणि गिझर बघायचा असेल तर आधी सांगावं लागतं. त्यांनी टाकीत पाणी भरून ठेवलं होतं. फ्रिजही आदल्या रात्री चालू करून ठेवा म्हटलं होतं, कारण तो गार व्हायला कित्येक तास लागतात. गॅसवर, १२ व्होल्टवर आणि घरच्या विजेवर, तिन्ही तऱ्हांनी चालवून बघितला. इंजिन थंड होतं, एका फिरवणीत सुरू झालं. मग पाऊण तास मी आणि बाबा मीटर घेऊन फिरलो. बहुतेक ठिकाणी १० ते १३, एका खिडकीखाली १७. तिथलं सीलंट त्यांनी गेल्या वर्षी नवीन केल्याची पावती फाइलमध्ये होती. बाबांनी अंगठा दाबला, लाकूड घट्ट होतं.

बेल्ट बदलून सहा वर्षं झाली होती. तेवढं धरून १५,४००चे १४,८०० झाले, म्हणजे ठरवल्यापेक्षा ३०० जास्त. पैसे लगेच दिले नाहीत. २०० पौंड विसार दिला, राहण्याच्या भागाची आणि गॅसची तपासणी नीट निघाली तर सौदा असं लिहून घेतलं, आणि एका फिरत्या तंत्रज्ञाला तिथेच बोलावलं. गाडीवर कर्ज नाही ना, तेही ऑनलाइन बघून घेतलं. नोंदणीच्या कागदावरचा पत्ता आणि आपण उभे आहोत तो पत्ता एकच हवा. तो कागद मालकीचा पुरावा नव्हे, म्हणून त्यांच्या खरेदीची पावतीही बघितली.

आठवड्याने गाडी आणायला गेलो तेव्हाची एक गोष्ट लक्षात ठेवा: इथे रोड टॅक्स गाडीबरोबर येत नाही. नोंदणीपत्राची हिरवी चिठ्ठी हातात आली की तिच्यावरच्या नंबराने तिथेच फोनवरून टॅक्स भरायचा, विमा त्याआधी. हे न करता फाटकाबाहेर निघू नका. गाडीची उंची कागदावर लिहून समोर चिकटवा. आमची २.८ मीटर आहे, आणि सुपरमार्केटच्या पार्किंगचे आडवे खांब बरेचदा त्याहून खाली असतात. रॉसवरून ग्लॉस्टर, स्विंडन आणि मग एम४ महामार्ग, अडीच तास सावकाश आलो.

त्या रात्री रेडिंगला धो धो पाऊस पडला. अकराच्या सुमारास बाबा टॉर्च आणि मीटर घेऊन गाडीत जाऊन आले. खिडकीखाली अजूनही १७ आहे, ते दर महिन्याला वहीत लिहीत जा, म्हणाले. वही त्यांनीच सुरू केली आहे. बेल्टसाठी मंगळवारची वेळ मिळाली आहे, त्या दिवशी त्यांना गॅरेजमध्ये यायचं आहे.