परत कुठून?

मुंबईत करी रोडच्या पुलावर शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी आम्हा दहा-बारा मुलांना कठड्याशी उभं केलं होतं. खालून लोकल धडधडत जात होत्या. सरांनी विचारलं, "गाडीच्या डोक्यावर तारा किती?" कुणी म्हणालं दोन. "वरची खालचीला धरून ठेवते. गाडीला टेकते ती एकच. मग टॉर्चच्या बल्बला दोन टोकं जोडावी लागतात आणि एवढ्या मोठ्या गाडीला एक कशी पुरते? आत गेलेली वीज परत कुठून जाते?"

आम्ही गप्प. सरांनी तीन गाड्या जाऊ दिल्या, तरी उत्तर सांगितलं नाही. शेवटी रुळांकडे बघत एक मुलगा चाचरत म्हणाला, "खालून?" सरांचा चेहरा असा फुलला की मला तो आजही दिसतो. तारेतून पँटोग्राफ, म्हणजे टपावरचा तारेला टेकणारा सांगाडा, पँटोग्राफमधून मोटारी, मोटारींतून चाकं, चाकांतून रूळ आणि रुळांतून परत सबस्टेशन. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, हेही सरांनी तिथेच सांगितलं. तेव्हापासून आमच्या शाळेच्या दिवसांनंतरही कितीतरी वर्षं तारेत १५०० व्होल्टचा डीसी होता, आता २५,००० व्होल्टचा एसी आहे. गाडीतून उतरणारी वीज मात्र अजूनही चाकांतून रुळांतच उतरते.

सरांना स्वतःचं नाव छापलेलं आवडायचं नाही, म्हणून इथे लिहीत नाही. त्या वर्षांतल्या मुलांना ते सांगावंही लागणार नाही.

ते वर्ष संपाचं होतं. १८ जानेवारी १९८२ला गिरण्या बंद पडल्या आणि जूनमध्ये आम्ही आठवीत गेलो. वर्गात कितीतरी मुलांचे वडील घरी बसलेले. प्रयोगाचं साहित्य घरून आणा, असं म्हणायची सोय नव्हती. सरांनी लोहार चाळीच्या बाजूच्या एका मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून जुनी इनॅमलची तांब्याची तार वजनावर आणली आणि प्रत्येकाला हातभर मोजून नव्हे, हवी तेवढी दिली. चार इंची खिळा, तार, एक सेल आणि टाचण्यांची डबी. पन्नास वेढे घाला, टाचण्या मोजा. मग शंभर घाला, पुन्हा मोजा.

माझ्या खिळ्याला एकही टाचणी चिकटेना. शेजारच्याचा खिळा टाचण्यांनी झुपकेदार झालेला आणि माझा तसाच कोरडा. सर आले, खिळा हातात घेऊन बघितला, परत ठेवला आणि एवढंच म्हणाले, "परत कुठून?" बराच वेळ मी तारेचा एक एक वेढा बघत बसलो. मग लक्षात आलं, तार तपकिरी दिसत होती तो तिचा रंग नव्हता, वर चढवलेलं, वीज अडवणारं इनॅमल होतं. टोकं खरवडलीच नव्हती, म्हणजे सेलमधून वीज तारेत शिरतच नव्हती. पॉलिश पेपरने दोन्ही टोकं लख्ख केली आणि खिळ्यानं पहिल्याच झटक्यात मूठभर टाचण्या उचलल्या. आज प्रदर्शनांतून तयार किट दिसतात, टोकं आधीच सोललेली, क्लिप लावलेली. माझ्या मते त्यातून शिकण्याचा मुख्य भागच काढून टाकलेला असतो.

टोक सेलवर फार वेळ धरायचं नाही, हे त्याच तासाला कळलं, कारण तार आणि सेल दोन्ही गरम होऊ लागले. सेल सोडल्यावर दोन-तीन टाचण्या खिळ्याला लोंबकळत राहिल्या, तेव्हा सरांनी पोलाद आणि मऊ लोखंड यांतला फरक सांगितला. पोलादात चुंबकत्व मागे उरतं, मऊ लोखंड ते लगेच सोडतं, म्हणून घंटेत मऊ लोखंडच लागतं. मग त्यांनी फळीवर विजेची घंटा बांधून दाखवली. चुंबक पट्टी ओढतो, पट्टी ओढली गेली की जोड सुटतो, जोड सुटला की चुंबक मरतो, पट्टी मागे येते आणि पुन्हा जोडली जाते. वेगळी काही यंत्रणा नाही, वाट तुटते आणि जुळते एवढंच. १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेड या शास्त्रज्ञाला वीज वाहणाऱ्या तारेजवळची होकायंत्राची सुई हललेली दिसली, ती सुई सरांनी आम्हाला प्रत्यक्ष हलवून दाखवली. विजेवर संशोधन करणारा शास्त्रज्ञ फॅरडे पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारी करत मोठा झाला, हे मात्र त्यांनी दोनदा सांगितलं. का, ते आम्हा गिरणगावातल्या मुलांना समजलं होतं.

आता मला जे लिहायचं आहे ते.

त्याच वर्षी डिसेंबरात आई मोरीत पाणी तापवत होती. बादलीत रॉड टाकलेला. पाणी तापलं असं वाटून तिनं बटण बंद केलं, एक हात नळाच्या चावीवर ठेवला आणि दुसरा पाण्यात घातला. ती मागे भिंतीवर आदळली. दोन दिवस उजवा हात वर होत नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, घाईत बटण चालूच राहिलं असेल. आई पुन्हा पुन्हा सांगत होती, "नाही हो, मी बंद केलं होतं." कुणाला खरं वाटेना. मलाही वाटलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी सरांना सांगितलं. संध्याकाळी सर टेस्टर घेऊन चाळीत आले. आईनं पुढे केलेला चहा बाजूला ठेवून आधी मोरीत गेले. बटण बंद ठेवून त्यांनी टेस्टर रॉडच्या नळीला लावला. टेस्टर पेटला.

"वहिनी, तुमचं बरोबर आहे," सर म्हणाले. "बटण बंदच होतं."

बोर्ड उघडल्यावर सगळं दिसलं. वायरिंग करणाऱ्यानं बटण फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेवर न घेता न्यूट्रलवर, म्हणजे परत नेणाऱ्या तारेवर घेतलं होतं. बटण बंद केलं की परतीची वाट तुटायची, म्हणून रॉड तापायचा थांबायचा आणि सगळ्यांना वाटायचं वीज गेली. पण फेज रॉडच्या पोटात तशीच उभी असायची. रॉड आतून खराब झाला होता, वीज नळीवर उतरत होती. रॉडच्या वायरमधली तिसरी, हिरवी तार कुणीतरी छाटून दोन पिनांचा प्लग लावला होता, कारण भिंतीतला सॉकेटच दोन भोकांचा. नळीवर आलेल्या विजेला परत जायला ती हिरवी तार हवी होती. ती नव्हती, मग वाट आईनं दिली. पाण्यातला हात, छाती, नळावरचा हात, लोखंडी पाइप, जमीन आणि जमिनीतून ट्रान्सफॉर्मरचं अर्थिंग. सरांनी पाटीवर हा परिपथ काढला आणि त्यात बल्बच्या जागी माणूस काढला.

"मग फ्यूज का नाही उडाला?" मी विचारलं. त्यावर सरांनी करायला लावलेलं गणित मी पुढे प्रत्येक शिकाऊ मुलाकडून करून घेतलं आहे. ४० वॉटच्या बल्बमधून २३० व्होल्टवर किती धारा जाते? ४० भागिले २३०, म्हणजे ०.१७ अँपिअर, १७० मिलिअँपिअरच्या आसपास. छातीतून याहून कितीतरी कमी धारा थोडा वेळ गेली तरी हृदयाचा ठोका बिघडू शकतो. आणि आमचा फ्यूज होता ५ अँपिअरचा. आईसारख्या माणसातून जीव घेण्याइतकी वीज गेली, तरी त्या तारेला ते एका छोट्या बल्बाइतकंही कळत नाही. फ्यूज वायरिंग जळू नये म्हणून असतो. माणसासाठी तो कधीच नव्हता. आपल्या घरात "फ्यूज आहे ना" म्हणून निर्धास्त असलेली माणसं मी अजून रोज बघतो आणि रोज समजावतो.

त्या रात्री माझं ठरलं. दहावीनंतर आयटीआयला वायरमन ट्रेड घेतला आणि तेव्हापासून हेच काम करतो आहे.

एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी आता बसवतात तो आपोआप पडणारा खटका, उघडून दाखवली की मुलांना गंमत वाटते, कारण आत आमचा खिळाच बसलेला असतो. शॉर्ट सर्किट झालं, धारा एकदम वाढली, की आतल्या वेढ्यांचं विद्युतचुंबक दांडी ओढतं आणि खटका पडतो. भार हळूहळू जास्त झाला तर शेजारची दोन धातूंची पट्टी तापून वाकते आणि तोच खटका पाडते. पण मला सरांची आठवण येते ती आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की मेन बंद करणारी डबी बसवताना. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच कड्यातून जातात. गेली तेवढीच परत आली तर दोघींची चुंबकत्वं एकमेकांना मारतात आणि कडं शांत राहतं. काही वीज माणसातून जमिनीत गेली की परत येणारी कमी पडते, कड्याभोवतीच्या तिसऱ्या वेढ्यात फरक उमटतो आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत मेन बंद. घरासाठी ३० मिलिअँपिअरची लावायची. सर विचारायचे तोच प्रश्न ती डबी अखंड विचारत असते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर त्याच दिवशी वायरमनला बोलवा.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत शाळेच्या प्रयोगशाळेचं वायरिंग बदललं, ते मी आणि माझ्या दोन मुलांनी केलं. सगळी बटणं फेजवर, सगळे सॉकेट तीन पिनांचे. तिसरी पिन लांब का, ते आठवीच्या मुलांना विचारलं. एका मुलीनं सांगितलं, "म्हणजे अर्थिंग आधी जोडलं जातं आणि सुटताना शेवटी सुटतं." बरोबर आहे. मागच्या अंगणात अर्थिंगचा नवा खड्डा घेतला, कोळसा आणि मीठ घालून. पावसाळ्यात त्याची काळजी नाही, पण उन्हाळ्यात माती सुकली की अर्थिंग कमजोर होतं. एप्रिल आणि मेमध्ये रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतायला शिपाईमामांना सांगून ठेवलं आहे. सुट्टीत ते गावी गेले तर कुणीतरी लक्षात ठेवून ओता.